उनझिऱ्याचा बंबवाला

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरकडच्या अंगाला उनझिरे नावाचं गाव. गावाबाहेर दगडी कुंड, आणि कुंडात जमिनीतून बारमाही वर येणारं ऊन पाणी. त्या पाण्याला आजवर कुणी तापवलं नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती. पण स्वराज्य आलं, मागोमाग खातं आलं, आणि वना पाटील हा माणूस ऊन पाण्याच्या झऱ्यावर पाणी तापवायच्या नोकरीला लागला. हसू नका! सरकारी नोकरी होती, खाकी कोट आणि पितळी बिल्ल्यासकट.

त्याचं झालं असं. छप्पन्न साली वरच्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की अशा रम्य जागी पर्यटक यायला हवेत. झालं! विश्रामधाम उभं राहिलं. दोन खोल्या, एक व्हरांडा, कुंडाभोवती पुरुषभर उंच भिंत, भिंतीवर काचा आणि पुढे लोखंडी फाटक. पर्यटकांच्या जिवाला अपाय नको म्हणून कुंडाच्या पाण्याची बाटली पुण्याला तपासणीला गेली. बैलगाडी, मोटार, आगगाडी करत बाटली एकदाची पोचली. तिथल्या विद्वानांनी बूच काढलं, बोट बुडवून पाहिलं आणि कळवलं, 'पाणी गार आहे. सदर झरा उष्ण असल्याचा समज निराधार दिसतो.' घ्या! आता झराच गार ठरला म्हटल्यावर पर्यटकांना आंघोळीला ऊन पाणी कुठून द्यायचं? म्हणून तांब्याचा एक बंब मंजूर झाला, बंबावर एक माणूस मंजूर झाला, आणि कुंडाला मात्र फेरतपासणी होईपर्यंत कुलूप लागलं.

तो माणूस म्हणजे वना. बाटली शिरपूरपर्यंत पोचवायला तोच गेला होता, तेवढ्या ओळखीवर त्याची वर्णी लागली. मनाने वाईट नव्हता हो, पण भाऊबंदांनी जन्मभर त्याला हिंग लावून विचारलं नव्हतं. बिल्ला छातीवर चढला आणि गडी हवेत गेला. रोज चिंच लावून बंब घासायचा, बंबात तोंड दिसेपर्यंत घासायचा. पाणी आणायचं पलीकडच्या विहिरीवरून, कावडीने. वाटेत कुंडाची वाफ भिंतीवरून बाहेर येऊन त्याच्या तोंडावर यायची. वना तोंड पुसायचा आणि पुढे चालू लागायचा.

त्याची बायको धुरपदाबाई. लग्न होऊन आल्यापासून तिची पहाटेची आंघोळ त्या कुंडात. गुडघ्यांत वात भरलेला, पण कुंडात घटकाभर बसली की दिवसभर शेतात ताठ चालायची. फाटकाला कुलूप लागलं आणि चार-सहा महिन्यांत बाई भिंत धरून चालायला लागली. शेजारच्या शेवंताबाईची बोटं अशीच आखडली होती, गावात आणखी कितीतरी जण कण्हत होते. पण धुरपदाचा नवरा फाटकाच्या आत होता, म्हणून तिचा संताप जास्त.

"आवो, तठे कुंडमा पानी उकळी ऱ्हायनं, आनि तुम्ही आठे लाकडं जाळतस! डोकं ठिकाने शे ना?"

"सरकारी काम शे. तुले नही समजनार," वना बिल्ला पुसत म्हणायचा.

"मना गुडघास्ले समजस ना बठ्ठं!"

यावर वना बंबात आणखी एक लाकूड सारायचा. आतून त्याला लागायचं. पण फाटक उघडलं आणि कुणी चहाडी केली तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की पुन्हा भाऊबंद आहेतच दात काढायला.

पर्यटक काही येईनात. वर्षभरात शिरपूरचे सोहनलाल शेठ तेवढे कुंडात डुंबायला म्हणून कुटुंबासह आले. त्यांना खोलीत बसवून बंबाच्या पाण्याची बादली दिली. शेठ म्हणाले, "हे तर आमच्या घरी पण असतं," आणि तोंड वाकडं करून परत गेले.

मग एकदा धुळ्याहून भामरे साहेब पाहणीला आले. साहेब मूळचे साक्रीकडचे, अहिराणीतच बोबडं बोललेले, पण खुर्ची मिळाल्यापासून 'आम्हाला ती भाषा नीटशी कळत नाही' म्हणायचे. जीपच्या धक्क्यांनी कंबर पार आखडलेली. उतरल्या उतरल्या त्यांनी ऊन पाणी मागितलं. आणि नेमका त्याच सकाळी बंब गळायला लागला होता! विस्तव विझला, राखेचा चिखल झाला, वनाच्या तोंडचं पाणी पळालं.

धुरपदा भिंतीला टेकून तमाशा बघत होती. "कुंडमाईन काढा नी द्या," ती म्हणाली. "साहेबले काय समजस?"

वनाने फाटक उघडलं, कुंडातून दोन बादल्या काढल्या आणि न्हाणीत नेऊन ठेवल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आय व माय! कंबर मोकळी व्हयनी!" साहेबांना नीटशी न कळणारी भाषा अशी आपोआप बाहेर पडली.

"काय बंब आहे रे तुझा!" साहेब बाहेर येऊन म्हणाले. खरं सांगायला वनाने तोंड उघडलं होतं. पण बंद कुंडाचं पाणी दिलं म्हणजे नोकरी गेलीच! त्याने तोंड मिटलं. आणि त्या मिटल्या तोंडाची शिक्षा लगोलग मिळाली. साहेबांनी फर्मावलं, बंब आणि बंबवाला दोन्ही धुळ्याला आमच्या बंगल्यावर. विश्रामधामाला कुलूप. किल्ली धुळ्याला. धुरपदा दारात बसून राहिली, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत वनाला मान वर करता आली नाही.

धुळ्यात डाग देऊन बंबाची गळती बुजवली आणि नळाचं पाणी तापवलं. परतीच्या धक्क्यांनी पुन्हा आखडलेली साहेबांची कंबर तशीच! दोन दिवसांत साहेब भडकले. "बंब तोच, तूही तोच, मग गुण का नाही?"

वनाला घरचे गुडघे आठवले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं डोकं बिल्ल्याच्या पुढे धावलं.

"साहेब, बंबाला तिथल्या पाण्याची सवय आहे."

साहेबांना हे एकदम पटलं! पुण्याच्या विद्वानांपेक्षा त्यांची वेगळी गत नव्हती. खात्याची जीप एक दिवसाआड पिंपं घेऊन उनझिऱ्याला निघाली, ड्रायव्हर पुना, फाटकाची किल्ली त्याच्या खिशात, काम काय तर पाणीतपासणी. कुंडाचं पाणी धुळ्याला येईस्तोवर गार होई, आणि वना ते बंबात ओतून तापवी. उनझिऱ्याचं पाणी तापवायला खरोखरच माणूस लागायला लागला, आणि खात्याचं म्हणणं खात्यानेच खरं करून दाखवलं.

दुसऱ्याच खेपेला पिंपांच्या मधे बसून धुरपदाबाई आली. पुनाने तिला उचलून खाली घेतलं.

"मी आते आठेच राहसू," तिने जाहीर केलं.

नोकरांच्या खोलीमागे पत्र्याची न्हाणी होती. वनाने कुंडाचं सगळं पाणी तिथे नेलं आणि साहेबांच्या बादलीत नळाचंच तापवून ओतलं. त्या सकाळी त्याचा जीव टांगणीला लागला होता. साहेब न्हाऊन आले, कंबरेवर हात ठेवून इकडून तिकडे वाकले आणि म्हणाले, "अस्सल! उनझिऱ्याचं ते उनझिऱ्याचं!" वना मागे वळून पदराने तोंड दाबून हसणाऱ्या बायकोकडे बघू शकला नाही, नाहीतर तोही फुटला असता.

पावसाळ्याआधी धुरपदा भिंत सोडून चालायला लागली. पांझरा नदीवर धुणं न्यायला लागली. ज्या दिवशी ती भरली बादली डोक्यावर घेऊन ताठ चालत आली, त्या दिवशी वना बंबाशी बसून रडला. धूर डोळ्यांत गेला असंही त्याने सांगितलं नाही. पण धुरपदाचं समाधान होईना. "मन्हं भागनं. शेवंतानं काय?" पुना म्हणाला, जागा आहे जीपमध्ये. मग शेवंताबाई आली, चार दिवस राहून बोटं सोडवून गेली. मग तिची जाऊ आली. मग पुनाची आई आली. खात्याची गाडी पाणी आणायची, माणसं आणायची आणि बरी करून परत पोचवायची.

एका सकाळी साहेब लवकर उठून अंगणात आले. पत्र्याच्या न्हाणीपुढे ओल्या लुगड्यांत पाच-सहा बाया गप्पा मारत बसलेल्या.

"वना! कोण रे या?"

वनाने बिल्ला सरळ केला.

"पर्यटक, साहेब."

साहेबांचा चेहरा खुलला. "शेवटी आले म्हणायचे!" ते म्हणाले, आणि त्यांच्यासाठी आणखी एक बंब मंजूर करतो असं सांगून आत गेले.