तळ्याचा पंख, समुद्राचा पंख

त्या आठवड्यात माझं बूड कुठेच टेकत नव्हतं. अंगणात गेले की आत यावंसं वाटे, आत आले की पुन्हा अंगण. आई वैतागून म्हणाली, "पायाला भिंगरी बांधलीस का? बस की जरा." बसले, आणि बसल्या बसल्या बाजेवर ठेवलेल्या दोन पंखांकडे बघायला लागले.

हे पंख पाण्याखालचे. मी कोकणात एका किनाऱ्यावर विंग फॉइलिंग शिकवत असे. हातात हवा भरलेलं शीड, पायाखाली फळी, फळीखाली कमरेएवढा खांब आणि खांबाच्या तळाशी हा आडवा पंख. वेग आला की पंख उचल घेतो आणि फळी पाण्यापासून हातभर वर तरंगत चालते. लाटांची आदळआपट थांबते, आवाज थांबतो. गेल्या वर्षी त्यातच माझा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं आणि मी लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी येऊन बसले. बसले कसली, येरझाऱ्या घालत राहिले.

मग किनाऱ्यावरच्या माझ्या सरांनी उमरग्यापर्यंत बसने या दोन पंखांचं खोकं पाठवलं. फोनवर म्हणाले, "दोन्ही चालवून बघ. एक ठेव, दुसरा रविवारी परत पाठव, तो दुसऱ्या कुणाला द्यायचाय. आणि दसऱ्यानंतर इकडे शिकवायला येणार आहेस का, तेही सांग." उमरग्याहून येताना वडापच्या जीपमध्ये खोकं मांडीवर होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पंख्याची पाती का वो?" मी व्हय म्हणून मोकळी झाले.

एक पंख रुंद, आखूड, जाडजूड. संथ वेगातही उचल घेतो, चूक पोटात घालतो, झटकन वळतो. पण धावायला लागलं की पाणी त्याला धरून ठेवतं. दुसरा लांब आणि निमुळता. त्याला उचलायला वेग लागतो, वळायला जागा लागते, आणि चुकलं की तो सांगूनसवरून टाकत नाही, एकदम टाकतो. मात्र एकदा चालला की वारा पडला तरी बराच वेळ तरंगत राहतो. गावामागच्या साठवण तलावाला रुंदच बरा. तो ठेवला म्हणजे मी घरी राहिले, आईने लोहाऱ्याच्या शाळेतली खेळाच्या बाईंची जागा मनात पक्की केलीच होती. लांब ठेवला म्हणजे समुद्र. पंख निवडतेय असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर मला गुडघ्याची भीती वाटत होती, आणि ते कबूल करायची लाजही वाटत होती.

आषाढाचा वारा माळावर घोंगावत होता आणि तळ्यात गेल्या वर्षीचं पाणी टिकून होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझी जुनी फळी, खांब आणि शीड उचलायला आले. मोठ्या पंखामागे शेपटीचा छोटा पंख बसवताना त्याचा कल ठरवायला खाली प्लास्टिकची एक बारीक पाचर घालावी लागते. मी स्क्रू शोधत होते, अण्णांनी ती बसवून टाकली. जन्मभर कुळवाला पाचरी मारणाऱ्या माणसाचं काम काय तपासायचं?

पहिल्या दिवशी रुंद पंखाने मला सात-आठ वेळा नाकावर पाडलं. दुसऱ्या दिवशी लांब पंखानेही तेच केलं. मी दिवसातून तीनतीनदा पंख बदलले, स्क्रूत वाळू गेली म्हणून चिडले, वाऱ्याला शिव्या घातल्या. बांधावर बसलेल्या पोरांनी तर "आता बुडणार बगा" असं आधीच ओरडायला सुरुवात केली. शनिवारी मी फळी काठावर आपटली आणि म्हणाले, "संपलं. माझ्यानं न्हाय व्हायचं आता."

अण्णा फळी उलटी करून बघत होते. "ह्यो जास्तच खोल जातोय, व्हय?"

"जास्त म्हणजे? वर यायला पायजे त्यानं!"

"वर?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्या तर खाली जायसारखी पाचर मारली. कुळवाची फास मातीत घुसाया नको का?"

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. सगळा आठवडा मी पंखाच्या आकाराला आणि माझ्या पायाला दोष देत होते, आणि अण्णांनी तळं नांगरायची तयारी केली होती. ते बिचारे ओशाळले. "आगं, सांगायचं न्हाय व्हय आदी?" म्हणाले.

पाचर फिरवली. रुंद पंखाने पहिल्याच झुळकीला उचललं. मी तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. छान होतं. काठावरच्या बायकांनी धुणं थांबवून बघितलं. मला मात्र पाच मिनिटांत कंटाळा आला, आणि कंटाळा आला याचंच बरं वाटलं.

लांब पंख लावला. तो उठेचना. अर्धं तळं संपलं, मग उठला, आणि एकदा उठल्यावर मात्र खालचं पाणी असून नसल्यासारखं झालं. वर्षभरात इतकं शांत मला वाटलं नव्हतं. तेवढ्यात समोर बांधाचे दगड आले. मी वळायला गेले, तो वळेना. शीड सोडून मी बाजूला उडी टाकली आणि गुडघ्यावरच पडले, उथळ पाण्यात, दणकून.

अण्णा धोतर सावरत पाण्यात धावले. मी उभी राहिले. पाय मुडपून बघितला, झटकून बघितला. काहीच झालं नव्हतं.

"दुखलं का?"

"न्हाय, अण्णा."

त्यांनी तळ्याकडे बघितलं, मग पंखाकडे. "ह्यो हितं वळत न्हाय."

"न्हाय वळत."

"मंग ह्याला समिंदरच लागंल."

मी लांब पंख सोडवून काखेत मारला. नाही म्हणायचं मनात नव्हतं. घरी आल्यावर अण्णांनी बाजेखालचं खोकं ओढलं, रुंद पंख माझ्या ओल्या टॉवेलने पुसला, फडक्यात गुंडाळून आत ठेवला आणि आईला सुतळी मागितली.