काठीचा सांधा

मला एका जागी बसवत नाही आणि आबांना कुणी बसवून ठेवलेलं सोसत नव्हतं. अशा आम्हा दोघांना सत्तर सालच्या आसपास वडगावच्या दोन खोल्यांत एकत्र राहावं लागलं. आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेतली नोकरी संपेपर्यंत ते लोणावळ्यात राहिले आणि सुट्टी मिळाली की तिथल्याच वळवणच्या तलावावर गळ टाकून बसले. पुढे उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. मी इथल्या शाळेत शिकवत होते. ते हळूहळू चालू लागले, आपल्या हाताने जेवू लागले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ओसरीतून रस्त्यावर, रस्त्यावरून ओसरीत. घोकणं एकच, या हाताने पुन्हा मासा धरायचा.

त्यांची गळाची काठी सामानाबरोबर आली होती. भरीव कळकाची, एकसंध, दोन पुरुष लांब. जाळावर शेकून त्यांनीच सरळ केलेली. ती घेऊन लोणावळ्याच्या गाडीत चढायचं म्हणजे दारातच तमाशा. म्हणून मी पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन तुकड्यांची काठी आणली. मध्ये पितळी नळी, एक तुकडा दुसऱ्यात बसवला की झालं. पिशवीत मावायची. मी स्वतःवरच खूश होते.

ती घेऊन आम्ही वळवणला गेलो. मासे गांडूळ खाऊन पसार झाले आणि आबांना पत्ताच नाही.

"सांध्यात वढ मरती," ते म्हणाले. "मासा तिकडं वढतोय आन् हितं हाताला कायबी कळत न्हाई. जोडलेल्या काठीत जीव न्हाई."

"नळी चांगली घट्ट बसलीय, आबा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मग घरात दुसरा विषय उरला नाही. मी वह्या तपासायला बसले की सांधा, ताटावर बसलो की सांधा. माझं डोकं आधीच तापट. एकदा भाकरी थापता थापता मी बोलून गेले, "आणि दोष काठीचा नसला तर?"

 आबा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले आणि ओसरीत येरझाऱ्या घालू लागले. मला माझाच राग आला. त्यांनाही तीच भीती खात होती, हे मला तेव्हा कळलं. हात कायमचा गेला असेल तर काय, एवढंच त्या सगळ्या कटकटीच्या तळाशी होतं. पुढच्या रविवारी मी लांब काठी खांद्यावर घेतली. गार्ड आबांच्या ओळखीचा निघाला, त्याने ती आपल्या डब्यात आडवी टाकली.

पाण्यावर आबांनी गळ टाकला आणि सवयीप्रमाणे समोरच्या डोंगराकडे तोंड केलं. दोरीला बांधलेल्या तरंगत्या बुचाकडे नवख्यांनी बघावं, आपल्याला हात सांगतो, असं ते नेहमी म्हणायचे. मी काठावर इकडून तिकडे फिरत होते.

"आता बघ," ते म्हणाले. "ही अख्खी काठी हाय. हिच्यात..."

बूच बुडालं. वर आलं, पुन्हा बुडालं. काठीचं टोक वाकलं, दोरी तारेसारखी ताणली गेली. आबा डोंगराकडे बघत बोलतच होते. उजवी मूठ काठीवर होती आणि तिला काही कळलं नव्हतं.

'आबा, ओढा!' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर मासा मिळाला असता. पण मला, कधी नव्हे ती, वाचाच फुटेना. माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. मग त्यांनी मान वळवून काठीचं वाकलेलं टोक पाहिलं आणि आपली मूठ पाहिली. काठी ओढली मात्र नाही. थोड्या वेळाने टोक आपोआप सरळ झालं.

डाव्या अंगठ्याने ते उजवा तळवा कितीतरी वेळ दाबत राहिले. मी शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"पुढच्या बारीला ती दोन तुकड्यांचीच आण," ते म्हणाले. "न्यायला सोपी हाय."

मी मान हलवली.

"आन् बूच लाल रंगव. लांबनं दिसंल असं."