एकाच जागी दोन बाण

कपाट आवरताना धनुष्याच्या दोरीला चोळायच्या मेणाची वडी सापडली, आणि तिच्या वासाबरोबर नव्वदच्या दशकातलं बंगळूरचं ते बंदिस्त सभागृह परत आलं. तिरंदाजीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि माझ्या अक्काचे शेवटचे तीन बाण उरले होते. लक्ष्याच्या कागदावर एकाखाली एक तीन वर्तुळं होती. प्रत्येकात एकच बाण मारायचा. एकात दोन लागले, तर त्यातला एकच धरतात. असला कागद आम्हाला सरावाला कधी मिळालाच नव्हता. अक्का वर्षानुवर्षं मैदानावर, गवताच्या पेंढ्यांवर लावलेल्या एकाच वर्तुळावर बाण मारत आली होती. पहिला बाण वरच्या वर्तुळात मधोमध बसला आणि सवयीनं दुसराही त्याला चिकटून शिरला. माझ्या शेजारी बसलेले अप्पा, आमचे वडील, उठून टाळ्या वाजवायला लागले. "बघ, दोन्ही एकाच जागी," ते मला म्हणाले. सगळ्या सभागृहात तेवढ्याच टाळ्या वाजत होत्या. अक्कानं वळून त्यांच्याकडे बघितलं आणि ती हसली. पदक तिथंच हातचं गेलं. तो नियम अप्पांना आम्ही आजवर सांगितलेला नाही. अजूनही घरी कुणी आलं, की ते त्या दोन बाणांची गोष्ट काढतात, आणि अक्का आत जाऊन नळ सोडते.