लोहगरुडाचं सुतक

काल शनवारा भागातल्या पुस्तकांच्या दुकानात 'लोहगरुड'च्या दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती दिसली. उघडली, आणि कागदाच्या वासाने मला थेट मिल कॉलनीतल्या आमच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

बाबा पेपर मिलमध्ये होते. लगद्यासाठी आलेल्या रद्दीतून ते आमच्यासाठी चित्रकथा वेचून आणत. हा भाग ऐन दिवाळीत आणला, ओलसर, कुबट वासाचा. शेवटच्या चित्रात लोहगरुड नदीत बुडून मेला होता. शेजारची सुनीता भडकली, "असं थोडी असते? हिरोलाच मारून टाकलं." आम्ही दोघींनी तीन दिवस त्याचं सुतक पाळलं. आईचा ओरडा खाल्ला, पण करंजीला हात लावला नाही.

काल त्या चित्रापाशी आले, तर पुढे आणखी चार पानं. लोहगरुड नदीतून हसत बाहेर येत होता. आमच्या प्रतीतली ती पानं रद्दीतच गळाली होती. आनंद व्हायचा सोडून माझं डोकंच फिरलं. आम्ही इतकं रडलो, आणि हा हसतोय. पुस्तक तिथेच आपटलं आणि सुनीताला फोन लावला.

"झूठ आहे ते," ती फणकारली. "मेला तो. आपण करंज्या खाल्ल्या नव्हत्या."