आलेइदा की आरेना

कार्ताहेना बंदरातल्या बाजारामागच्या वस्तीत आलेइदा कास्सियानीला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. कोपऱ्यावर कढई मांडून ती कारिमान्योला तळायची, म्हणजे कसाव्याचे, आत खिमा भरलेले वडे. पण तिचं नाव झालं होतं ते गाण्यामुळे.

ती एकोणीस वर्षांची असताना विल्फ्रिदोनं बोटीवरच्या एका खलाशाकडून आफ्रिकेतल्या गाण्याची एक तबकडी घेतली. विल्फ्रिदोकडे पिको होता, माणसाहून उंच, वर वाघ रंगवलेली स्पीकरची भिंत. दर रविवारी ती रस्त्यात उभी राहायची आणि अख्खी वस्ती नाचायची. दुसऱ्या पिकोवाल्यांना पत्ता लागू नये म्हणून त्यानं तबकडीवरचं लेबल ब्लेडनं खरवडून काढलं. गाणं बिननावाचं झालं. पण मध्येच गाणारे जे ओरडायचे ते लोकांना ऐकू यायचं, "आलेइदा, ये!" झालं, गाणं आलेइदाचं. ते लागलं की लोक तिला हाताला धरून मध्ये ओढायचे. सोळा वर्षं हे असंच चाललं.

अठ्ठ्याऐंशी साली तेच गाणं रेडिओवर आलं. आपल्याच किनाऱ्यावरचा वाद्यवृंद, भरपूर ट्रम्पेट आणि शब्द चक्क आपल्या स्पॅनिशमधले. बसमध्ये तेच, न्हाव्याकडे तेच. पहिले दोन दिवस आलेइदा फुशारून गेली. तिसऱ्या दिवशी तिनं कढईखालचा जाळ कमी करून नीट ऐकलं. गाण्यात कोळ्याची बायको निघून गेलीय, कोळी किनाऱ्यावर बसलाय आणि सगळे मिळून ओरडताहेत, "आरेना, आये!" आरेना म्हणजे वाळू.

"काय वाळूबाई," बसड्रायव्हर म्हणाला, "दोन वडे द्या. कचकच लागणार नाही ना?"

"तोंड आवर, नाहीतर रश्शाऐवजी तेल ओतीन," ती म्हणाली. पण तिचा हात थांबला होता.

घरी तिनं नवऱ्याला विचारलं. रोसेंदो गोदीत हमाली करायचा. "चोरलंय त्यांनी," तो म्हणाला. "तुझं नाव काढून वाळू घातली." मग जेवता जेवता म्हणाला, "किंवा पहिल्यापासून वाळूच असेल."

"आफ्रिकेतली माणसं आपल्या भाषेत वाळू कशाला म्हणतील?"

"मग तुझं नाव तरी कशाला घेतील?"

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

आठवडाभरानं रोसेंदोनं गोदीतून एक खलाशी धरून आणला. बुबाकार त्याचं नाव, आफ्रिकेतून आलेल्या बोटीवर स्वयंपाकी. मोडकंतोडकं स्पॅनिश बोलायचा. भर दुपारी तिघं विल्फ्रिदोच्या घरी गेली. विल्फ्रिदोनं जुनी तबकडी लावली. बुबाकारनं डोळे मिटले, मान डोलवली, पायानं ठेका धरला. आलेइदा त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

"काय म्हणताहेत ते?"

"कुणास ठाऊक! ही माझी भाषा नाही. आफ्रिका केवढी आहे, बाई!" मग तो हसायला लागला. "पण हे गाणं आमच्या गावातही वाजायचं. सगळे म्हणायचे, माझ्या मामाचं नाव घेताहेत. अलिदू, अलिदू! मामा तर त्यावर जीव टाकायचा."

"तुझ्या मामाचं?" आलेइदा म्हणाली. "बुटका आहे का तो?"

असं का विचारलं, तिलाच कळलं नाही. बुबाकारनंही गोंधळून "नाही, उंच आहे" असं सांगितलं.

विल्फ्रिदोनं सुई उचलली आणि खाली बघत म्हणाला, "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. मला त्यात कधीच काही ऐकू आलं नव्हतं. पहिल्या रविवारी तू समोर नाचत होतीस, म्हणून मी माइकवर तुझं नाव घेतलं. मग लोकांना ऐकू यायला लागलं."

"का पण?" रोसेंदोनं विचारलं.

"का म्हणजे? छान नाचत होती."

रोसेंदो हसावं की मारावं अशा चेहऱ्यानं उभा होता. आलेइदाला राग आला, मग वाटलं, राग कशाचा? सोळा वर्षांपूर्वी एका माणसानं आपलं नाव भोंग्यावरून वस्तीला शिकवलं, ही फसवणूक म्हणायची की आणखी काही? "पुन्हा लाव," ती म्हणाली. पहिल्यांदा तिला स्वतःचं नाव ऐकू आलं. दुसऱ्यांदा वाळू. तिसऱ्यांदा नुसता माणसांचा आवाज, कुणालाही न बोलावणारा.

परतताना रोसेंदोनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "माहीत नाही."

त्या रविवारी विल्फ्रिदोनं जुनी आणि रेडिओवरची नवी, अशा दोन्ही तबकड्या पाठोपाठ लावल्या. निम्मी वस्ती एक ओरडत होती, निम्मी दुसरं, आणि कोण कुठल्या तबकडीला काय म्हणतंय याचा मेळ नव्हता. आलेइदाला कुणीतरी मध्ये ओढलं. ती नाचली. रोसेंदोही नाचला, पण पिकोकडे पाठ करून. ओरडायची वेळ आली तेव्हा तीही सगळ्यांबरोबर ओरडली. काय ओरडली ते तिला सांगता येईना, पण सोमवारी कढईपाशी बसली तेव्हा तिचा घसा पार बसला होता आणि गिऱ्हाइकांशी तिला खुणांनी बोलावं लागत होतं.