औंढ्याच्या देवळातला अँप्लिफायर कोणी जाळला

औंढ्याच्या सोपानभाऊला राग यायला एरवी कारण लागत नाही. पण गेल्या कार्तिकापासून त्याच्याकडे चांगलं भरभक्कम कारण होतं, आणि वर्षभर त्याने ते मन लावून मुरवलं होतं.

देवळातल्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर त्याने स्वतःच्या हाताने बनवलेला. पत्र्याचा खोका, हिरवा ऑइलपेंट, मागे छोटा पंखा. लोणावळ्याच्या एका हॉटेलात सोपानभाऊ मेंटेनन्सला आहे. दिवसभर पाहुण्यांच्या गिझरवर चिडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन खोका उघडून त्याच्यावर चिडायचं, हा त्याचा नेम. संध्याकाळच्या भजनाला तो खोका वर्षभर गोड वाजे. कार्तिकात पहाटेचा काकडा सुरू झाला, की पहिल्याच आठवड्यात फाट्‌कन आवाज करून आणि करपलेल्या भज्यांसारखा वास सोडून मरे. असं सलग तीन वर्षं झालं.

काकड्याला खोक्यापाशी बसायचा मान निवृत्तीआबांचा. वय पंच्याहत्तर, पहिली भूपाळी चाळीस वर्षं त्यांचीच. गेल्या वर्षी खोका तिसऱ्यांदा जळला तेव्हा सोपानभाऊने सगळ्या मंडळासमोर निकाल देऊन टाकला, "आबा, आवाजाचं बटन हाय ते! म्हशीचं सड न्हाई पिळायला!"

आबांनी बटणाला हात लावला नसल्याची शपथ घेतली. सोपानभाऊ म्हणाला, "शपतंनं जळल्यालं मशीन भरून येतं व्हय?" त्या दिवसापासून आबा काकड्याला आले नाहीत. भूपाळी बंद पडली. गाव हळहळलं. सोपानभाऊ मात्र पुरावा शोधत राहिला, कारण गावात अर्धे लोक आबांवर विश्वास ठेवत होते आणि हे त्याला झोपेतही सहन होत नव्हतं.

पुरावा देणार होती त्याची मुलगी रुपाली. ती तळेगावला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात सर्किट नुसतं चितारायचं. कुठे किती व्होल्ट आहेत ते पडदाच सांगतो. सोल्डरिंगचं कथील नको, चटका नको.

"कितीला घेतलं?"

"फुकट आहे, आप्पा."

"मंग खोटंच बोलत आसंल." तरी खुर्ची ओढून बसला.

सर्किट काढून झालं, पण चालेना. रुपाली म्हणाली, "ग्राउंड जोडायचं राहिलं. त्याशिवाय हे सुरूच होत नाही."

"आपल्या घराला अर्थिंग न्हाई तरी समदं चालतंय. आन् ह्याला पायजे! लाटसाहेब!"

सोपानभाऊची स्वतःची तपासणी सोपी असते. इनपुटच्या तारेला बोट लावायचं. स्पीकर 'भूंऽऽ' म्हणाला की मशीन पास. पडद्याला बोट लावून उपयोग नाही हे कळल्यावर तो आणखी तापला.

"व्हॉल्यूम फुल कर. आता बघ कसं जळतंय."

रुपालीने केला. पडद्यावरच्या लाटांची डोकी चेपली. "आवाज फाटतोय, आप्पा. जळत काहीच नाही."

"आबांनी पढवलंय ह्याला!"

रुपालीने तिकडे लक्ष दिलं नाही. "गावात लाइट किती व्होल्टची येते? मी दोनशे तीस धरलीय."

"पुस्तकात! हितं संध्याकाळी एकशे पासष्ट. रोज मोजतो मी. शेतातल्या मोटारी, वर ते बंगलेवाले, त्यांचे पोहायचे हौद! म्हनून तर तीन वर्सांमागं ट्रान्सफॉर्मरला मुद्दाम जास्तीचे वेढे मारून घेतले. कमी लाइटीतबी गोड वाजतो. हाय का असली अक्कल तुज्या कॉलेजात?"

"आणि पहाटे किती येते?"

"पहाटं कोन मोजतंय? झोपल्यालो असतो मी."

चुलीपाशी बसलेली अनिता, त्याची बायको, तिथूनच म्हणाली, "मी असते की जागी. पहाटं बलप असा भगभगतो, डोळं दिपत्यात. दोन उडालं. तुमाला सांगितलं, तर तुमी दुकानदाराला शिव्या घालून आलात."

दुसऱ्या दिवशी पहाटे सोपानभाऊ मीटर घेऊन उठला. दोनशे पन्नास. रुपालीने तो आकडा आणि जास्तीचे वेढे, दोन्ही भरलं. पन्नास व्होल्ट सोसणाऱ्या कपॅसिटरवर पडद्याने चौसष्ट दाखवले. सोपानभाऊ म्हणाला, "व्हॉल्यूम कमी कर." तिने पार शून्यावर नेला. चौसष्टाचे पासष्ट झाले.

म्हणजे बटण पिळा नाहीतर सोडा, खोका जळणारच होता. पहाटे मोटारी आणि बंगले बंद, लाइट आधीच चढलेली; ती आणखी चढवून खोका जाळणारे ते जास्तीचे वेढे होते.

सोपानभाऊ लॅपटॉपवर ओरडला, बंगल्यांवर ओरडला, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्यावर ओरडला. मग कोणी उरलं नाही. त्या आठवड्यात त्याने नेहमीच्या वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि दणकट कपॅसिटर बसवले, आणि तसाच तणतणत आबांच्या दारात गेला. आबा अंगणात वाल सोलत होते.

"आबा! मशीन तुमी जाळलं न्हाई! मी जाळलं! तीनदा!"

"मंग माज्यावर का वरडतो?"

"तुमाला कमी ऐकू येतं म्हनून!"

"येतंय की ऐकू. गेल्या वर्षीचंबी समदं ऐकलं मी."

आबांनी एक शेंग सोलली.

"बोलला समद्या गावापुढं. आन् हितं एकट्याच्या कानात सांगतो व्हय? वर्सभर देवळावरून जाताना मान खाली घातली मी. जा."

काकड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता सोपानभाऊ माइकसमोर उभा राहिला. चेहरा असा, की कुणाला मारायला आलाय. समोर पन्नासेक माणसं कानटोप्या घालून बसलेली; आबा सगळ्यांत मागे.

"गेल्या वर्षी आबांना बोललो ते खोटं होतं. चूक माजी होती. आबांची मी हात जोडून माफी मागतो," तो माइकमध्ये गरजला, आणि खरंच हात जोडले. "आन् आता कुनी हसलं तर बगा!"

सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. ते घोंगडी सावरत पुढे आले, सोपानभाऊला म्हणाले, "सरक," आणि त्याच्या जागी उभे राहून त्यांनी भूपाळी धरली.