प्रयागआक्का आणि अरबी समुद्र

प्रयागआक्कांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्या पाण्याच्या टाकीवर उभ्या राहून अरबी समुद्राला दम देत होत्या. समुद्र सांगवीपासून चांगला दीडशे किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री आडवा. पण आवाज असा, की कोकणातल्या होड्या त्या दिवशी भिऊन बंदरातच थांबल्या असतील तर मला नवल वाटणार नाही. पदर कमरेला खोचलेला, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताचं थुंकी लावलेलं बोट आभाळाकडे. मी बारामतीहून स्कूटरवर भाड्याची खोली बघायला आलो होतो. गल्लीत शिरतो न शिरतो तोच वरून आकाशवाणी झाली.

"ओ गाडीवाले! हाय तितंच थांबा! हलू नका!"

मी कचकन ब्रेक दाबला. वाटलं, पुढे साप असेल, नाहीतर विजेची तार पडली असेल.

"मावळतीकडं तोंड करा. आता शर्टाची वरची दोन बटनं सोडा."

अनोळखी बाईनं मला असं काही सांगण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. सोडली. शर्ट पाठीमागे टम्म फुगला. आक्कांनी डोळे बारीक करून माझ्याकडे नव्हे, शर्टाकडे पाहिलं आणि मोबाइलमध्ये ओरडल्या, "मोहनराव, वारं मावळतीचंच हाय! पावण्याचा शर्ट बघितला मी. तुमच्याकडं काय?"

मग त्या मला विसरल्या. मी भर उन्हात फुगलेला उभा. माझ्या पाठीला सावली धरून दोन कुत्री बसली, त्यातल्या एकीला तिथंच पिल्लं झाली असं मी पुढे मित्रांना सांगत असे. शेवटी शेजारच्या घरातून लीलाबाई बाहेर आल्या. खोली त्यांचीच होती.

"या आत," त्या म्हणाल्या. "ती काय तुमाला हला म्हणायची न्हाय. मागं कुरिअरवाला असाच धरून ठिवला होता."

खोली मी बघितलीसुद्धा नाही. जिथं शेजार असा, तिथं खोली कशीही चालते.

प्रयागआक्का म्हणजे रामहरी तात्यांच्या पत्नी, लीलाबाईंच्या थोरल्या चुलत जाऊ आणि स्वतःच्या मते पश्चिम महाराष्ट्राच्या हवामानाला जबाबदार असलेल्या एकमेव व्यक्ती. तात्या ऊस लावतात आणि बोलत नाहीत. घरातलं सगळं बोलणं आक्कांकडे असल्यामुळे त्यांच्या वाट्याला काही उरलेलंच नाही.

आक्कांचं आणि समुद्राचं वैर कुरडईवरून सुरू झालं. काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात त्यांनी गच्चीभर कुरडया घातल्या होत्या. ऊन कडक, आभाळ निळं. दुपारी त्या जरा पडल्या आणि उठून बघतात तर गच्चीवर पांढरा रस्सा. अरबी समुद्रात कुठंतरी वादळ उठलं होतं, त्याचं शेपूट इकडे झटकलं गेलं, असं टीव्हीवर सांगितलं. तोपर्यंत आक्कांना समुद्र म्हणजे लोक सहलीला जातात ती जागा एवढंच ठाऊक होतं. तो घरबसल्या आपल्या गच्चीवर येऊ शकतो, हे कळल्यावर त्यांनी त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा आला. त्यात हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या रेघा गरगर फिरतात. बाकीच्या बायका मालिका बघतात, तशा आक्का लक्षद्वीप बघू लागल्या.

"ही बया बघा," त्या मला स्क्रीन दाखवून सांगत. "सकाळधरनं हितंच घुटमळतीया. हिचं लक्षण काय बरं न्हाय."

या कामात त्यांचा जोडीदार एकच, मोहनराव. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमाजवळ त्यांचं नारळ-प्रसादाचं दुकान. दुकानावरची ताडपत्री दरवर्षी वादळात उडून नदीत जाते, म्हणून त्यांनाही आभाळाचा नाद लागला. हवामानाच्या कुठल्याशा ग्रुपवर दोघांची गाठ पडली. प्रत्यक्षात ते कधीच भेटले नव्हते, पण रोज सकाळी एकमेकांना वाऱ्याची दिशा कळवल्याशिवाय चहा घेत नसत. आक्कांना ऊन हवं असे, म्हणून त्यांना नकाशात ऊन दिसे. मोहनरावांना ताडपत्रीची धास्ती, म्हणून त्यांना त्याच नकाशात प्रलय दिसे. मधल्या मध्ये जे काय व्हायचं ते होई, आणि दोघंही म्हणत, "बघा, मी काय म्हनलं होतं!"

गल्लीत आक्कांचा अंदाज कुणी मनावर घेत नसे. त्यांनी "आज कोरडं" म्हटलं की लीलाबाई मुद्दाम मोठ्यानं पोरीला सांगत, "प्रगते, छत्री काढ गं."

आणि त्याच लीलाबाई मे महिन्यात एका सकाळी आक्कांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रगतीचं लग्न अचानक ठरलं होतं. जूनच्या सुरुवातीची तारीख, सासर इंदापूरचं. होणाऱ्या विहीणबाई बैठकीत सहज बोलून गेल्या होत्या, "आमच्यात बाई कुरडईवरनं घर वळखत्यात." तेव्हापासून लीलाबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. घराला रंग काढलेला, गच्चीवर रंगाचे डबे, वाळवणाला वेळ झालेला नव्हता. आता गच्ची मोकळी झाली तर कॅलेंडरवर मोकळे दिवस उरले नव्हते.

कुरडईची गंमत अशी, की ती उन्हात घालायची असली तरी ठरवावी लागते तीन दिवस आधी. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, आणि पुढच्या सकाळी शिजवून सोऱ्यानं घालायचं. एकदा गहू पाण्यात पडला की माघार नाही. मग ऊन असो नाहीतर बर्फ पडो, चीक थांबत नाही. आंबतो.

"आक्का," लीलाबाई म्हणाल्या, "चेष्टा सोड. गहू भिजवू का नको?"

इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना खरोखर विचारत होतं. आक्कांनी चष्मा पुसला. नकाशा उघडला. खाली, केरळच्या डावीकडे, एक फिकट पिवळं वेटोळं नुकतंच जमू लागलं होतं. त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ही हाय खरी," त्या म्हणाल्या. "पर हिच्यात दम न्हाय. ही वमानकडं, अरबांच्या मुलखात जाईल. भिजव."

"शब्द देतीस?"

"दिला. हितं पाऊस आला तर हा मोबाइल मी नीरंत टाकीन."

लीलाबाईंनी दोन पायल्या गहू भिजवला. विहीणबाईंसमोर जे काय दाखवायचं होतं, ते सगळं त्या पातेल्यात बुडालं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते वेटोळं फुगलं. पिवळ्याचं नारिंगी झालं. टीव्हीवर नकाशासमोर उभा असलेला माणूस हात फिरवून सांगू लागला, की कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होत असून त्याचं वादळात रूपांतर होण्याची शक्यता आहे. तसं झालं तर त्याला ठरलेल्या यादीतलं नाव मिळणार होतं. मोहनरावांचा फोन आला. त्यांना फोनची गरज नव्हती, नुसतं ओरडले असते तरी ऐकू आलं असतं.

"ताई! लेकराचं बारसं व्हायला लागलंय! मी ताडपत्री काढून घडी घातली!"

"ताडपत्री घाला माघारी," आक्का म्हणाल्या. "गिऱ्हाईक उन्हानं मरंल तुमचं." पण फोन ठेवला तेव्हा त्यांनी टाकीची कडा घट्ट धरलेली मी पाहिली.

तिसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीला भिजल्या गव्हाचा आंबूस वास सुटला. लीलाबाई चीक गाळत होत्या आणि आभाळात दक्षिणेकडून करडे ढग येत होते. त्या ढगांकडे बघायच्या, मग आक्कांच्या घराकडे, मग पुन्हा ढगांकडे, आणि दोघांवर सारख्याच रागानं चीक पिळायच्या.

"आक्का, तुझी वमानवाली हितंच मुक्कामाला आली गं!"

"आली तर चहा पाजू तिला," आक्कांनी टाकीवरून उत्तर दिलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तात्यांनी ताट झाकून ठेवलं आणि वर जाऊन त्यांच्याजवळ उभे राहिले. बराच वेळ त्यांनीही आभाळ बघितलं. मग त्यांनी वर्षातलं आपलं एक वाक्य खर्च केलं.

"न्हाय जमलं तर म्हशीला घालू चीक."

"म्हशीचं लगीन हाय का?" आक्का कडाडल्या. पण तात्या खाली गेले नाहीत, आणि त्यांनीही त्यांना जा म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटेच चूल पेटली. ऊन कधीही जाईल, म्हणून घाई. आधणात हिंग पडला, मीठ पडलं, चीक पडला. आक्का मोठ्या पळीनं घाटत होत्या, पण एक डोळा चुलीजवळच्या विटेवर टेकवलेल्या मोबाइलवर. लीलाबाई शेजारी बसून पुटपुटत होत्या, "हिचं ध्यान समुद्रात, आन् माझा चीक विस्तवावर." एरवी गरम चिकाची वाटी, वर तूप किंवा गूळ, हा त्या दिवसाचा खरा सण. त्या सकाळी वाटीचं कुणाला सुचलंच नाही. पातेलं तसंच गच्चीवर गेलं.

गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरला होता. दोघी जावा आणि प्रगती सोऱ्यानं भराभर कुरडया घालत होत्या. मला, तात्यांना आणि समोरच्या आबाजींना तंबूसारखी एक भली मोठी ताडपत्री देऊन ठेवली होती. आक्कांचा हुकूम असा, की त्या "पाऊस" म्हणतील त्या क्षणी आम्ही ती कुरडयांवर ओढायची, पण कुरडईला स्पर्श होता कामा नये. ताडपत्रीला कोपरे चार आणि आम्ही माणसं तीन. चौथा कोपरा टाकीच्या नळाला बांधला. सत्यनारायणाचा मांडव धरून उभे असल्यासारखे आम्ही तिघं दुपारपर्यंत उभे होतो.

आणि दुपारी अंधारून आलं. वारं पडलं. झाडाचं पान हलेना. गच्चीवर कुरडयांची पांढरी चक्रं ओळीनं पसरलेली, अजून ओली. प्रगती जिन्यात बसून नखं खात होती. मोबाइलची रेंज गेली होती. आक्का नुसत्या आभाळाकडे बघत उभ्या होत्या.

टप्.

एक थेंब आबाजींच्या टकलावर पडला.

लीलाबाईंनी डोळे मिटले. तात्यांनी ताडपत्री उचलली. मी घाबरून इतकी जोरात ओढली, की आबाजी तिच्यात गुंडाळले गेले.

"थांबा!" आतून आबाजी ओरडले. "गार हाय! लई गार हाय! पावसाचा एवढा गार नसतोय!"

आक्कांनी वर बघितलं. टाकीचा बॉल बिघडला होता. टाकी भरून वाहू लागली होती, आणि ताडपत्री बांधलेल्या नळावरून पाणी ठिबकत होतं. आबाजी बरोबर त्याखाली उभे होते.

मोटार बंद करायला प्रगती धावली. ती खाली पोचेपर्यंत मावळतीकडून एक झुळूक आली. मग दुसरी. करड्या ढगाला मधोमध भोक पडलं आणि त्यातून जे ऊन आलं, ते असं कडक, की आबाजींचं टक्कल उभ्या उभ्या वाळलं. कुरडयांच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या. तेवढ्यात रेंजही आली, आणि रेंजबरोबर मोहनराव.

"ताई! इरघळली! समुद्रातच इरघळली! वमानपतुर सुदिक न्हाय गेली. बारसं राहिलं बिचारीचं!" त्यांच्या आवाजात दिलासा होता आणि थोडा अपेक्षाभंगही. "ताडपत्री उगंच काढली बगा."

आक्कांनी मोबाइल प्लास्टिकच्या कागदावर पालथा ठेवला आणि मटकन खाली बसल्या. हसू येत होतं की रडू, त्यांनाही कळेना. लीलाबाई त्यांच्याजवळ सरकल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आक्का, तुझं वादळ लई भित्रं निघालं गं. तुला बघूनच पळालं."

"माझा शब्द हुता," आक्का म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "लीले, मला कालधरनं नरड्याखाली घास उतरला न्हाय बघ."

मग तात्या खाली जाऊन झाकलेलं ताट घेऊन आले. कालचं होतं, भाकरी कडक झालेली. आक्कांनी ती तिथंच, कुरडयांच्या मध्ये बसून, चटणीबरोबर खाल्ली. चहा झाला. आबाजींनी दोन कप घेतले. भिजण्याचा एक आणि घाबरण्याचा एक. संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या. एवढ्या पांढऱ्या आणि एवढ्या मोठ्या, की प्रगतीनं त्यातली एक डोक्यावर टोपीसारखी ठेवून पाहिली. लीलाबाईंच्या घरच्या रिवाजाप्रमाणे लग्नाच्या कुरडया देवाला दाखवल्याशिवाय तळत नाहीत, म्हणून त्या तशाच पत्र्याच्या डब्यांत भरल्या गेल्या.

त्यानंतर गल्लीत आक्कांचा भाव वधारला. लोक आता विचारून कपडे वाळत घालू लागले. लग्नाला मोहनराव नरसिंहपूरहून नारळ घेऊन आले, तेव्हा दोघं आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर भेटले आणि "कसं काय?" म्हणायच्या ऐवजी दोघांनीही वर आभाळाकडे बघितलं. पंगतीत कुरडया आल्या. फुलून ताटाएवढ्या झालेल्या. लीलाबाई आणि आक्का खांबाआडून बघत उभ्या राहिल्या. विहीणबाईंनी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि पाणी मागितलं.

कुरडया खारट झाल्या होत्या. मीठ दोघींनीही टाकलं होतं.